चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म भरण्याआधी

आमची मुलगी झाली तेव्हा ब्रिटनमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बाळंतपणानंतर मिळालेल्या कागदांत चाइल्ड बेनिफिटची, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याची, माहिती होती आणि आम्ही फॉर्म भरूनही ठेवला. टपालात टाकायच्या आदल्या दिवशी एका सहकाऱ्याने माझ्या व्हिसा कार्डावरची ओळ दाखवली: 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे ठरावीक सरकारी आर्थिक मदत घ्यायची नाही. तोवर ती मी वाचलीच नव्हती.

आता कार्डाच्या जागी इ-व्हिसा आहे. आल्या आठवड्यातच ऑनलाइन खातं उघडून त्यातल्या अटी वाचा. ही अट असेल तर चाइल्ड बेनिफिट, कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीचं युनिव्हर्सल क्रेडिट, घरभाड्यासाठीचं हाउसिंग बेनिफिट घेता येत नाही. 'टॅक्स भरतो, मग हक्क आहेच' असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. पण टॅक्स कितीही भरला तरी व्हिसाची अट सुटत नाही. ती मोडली तर पुढची मुदतवाढ नाकारली जाऊ शकते, हातातला व्हिसाही रद्द होऊ शकतो.

मात्र मला जास्त काळजी वाटते ती उलट्या भीतीची. व्हिसाला धक्का लागेल म्हणून तापाने फणफणलेलं मूल घरात ठेवणारे आईबाप मी पाहिले आहेत. असं कृपा करून करू नका! एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, पब्लिक फंड्समध्ये येत नाही. त्यासाठी आपल्यापैकी बहुतेकांनी व्हिसाबरोबरच हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड. घर मिळालं की लगेच जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. सरकारी शाळाही मोकळी आहे. नोकरीतून मिळणारा मॅटर्निटी पे आणि सिक पे निर्धास्त घ्या.

कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे राहत्या घरामागे भरायच्या स्थानिक करात, गोंधळ होतो. कुटुंब यायच्या आधी एकटे राहत असाल तर मिळणारी २५ टक्के सूट चालते. कमी उत्पन्नामुळे मिळणारी कपात पब्लिक फंड्समध्ये मोडते.

नवराबायकोपैकी एकाकडे ब्रिटिश नागरिकत्व किंवा आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) असेल, तर चाइल्ड बेनिफिट त्याच व्यक्तीने स्वतःच्या नावाने मागावा.

आणि चुकून पैसे घेतलेच असतील तर आजच कळवून ते बंद करा, परतफेडीचं विचारा. सगळी पत्रं जपून ठेवा आणि पुढचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. अर्जात विचारलं तर लपवू नका.