बोलून चालणारा टीव्ही: आधी वीज आणि वायफाय, मग आवाज

टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि साउंडबार तोंडी हुकमावर चालवायचे तर चार गोष्टी लागतात: स्मार्ट स्पीकर, टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायची, नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक, रिमोटचं काम करणारा आयआर (इन्फ्रारेड) ब्लास्टर आणि धड चालणारं वायफाय. पैसे पहिल्या तिन्हींवर जातात. डोकेदुखी मात्र वायफाय आणि वीज यांची असते, म्हणून कामाला तिथूनच लागा.

राउटर आणि फायबरची डबी मिनी यूपीएसवर टाका, म्हणजे लाईट गेली तरी नेट राहतं. घेण्याआधी दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेकांना 12 व्होल्ट लागतात, पण 9 व्होल्टच्या डबीला 12 दिले तर ती जळू शकते. स्टिकला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका. तिथून बहुधा 0.5 अँपिअरच मिळतो, स्टिकला साधारण 1 लागतो. मग ती मधेच रिस्टार्ट होते आणि शिव्या नेटवाल्याला बसतात.

लातूर, बीड, धाराशिवकडच्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत दगडमातीच्या भिंती जाडजूड असतात. त्यांतून 5 गीगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ जातच नाही, 2.4 चाही निम्मा मरतो. राउटर ढाळजेत (दारालगतच्या बैठकीत) आणि टीव्ही आतल्या खोलीत असेल, तर कॅट-6 वायर ओढून आत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो पहिल्याचंच नेटवर्क पुढे पसरवतो. हा मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि वायर लॅन पोर्टमध्ये घाला. नाहीतर घरात दोन नेटवर्क होतात आणि मोबाईलला ब्लास्टर सापडत नाही.

स्वस्तातले ब्लास्टर फक्त 2.4 वर चालतात. जोडणी अडकली तर राउटरमध्ये 5 गीगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद करा, ब्लास्टर जोडा, पुन्हा चालू करा. ब्लास्टर टीव्ही आणि बॉक्स दोन्हींच्या समोर, आड काही न येता ठेवायचा. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही, कपाटाच्या लाकडी दारातूनही नाही.

साउंडबारची एचडीएमआय वायर टीव्हीच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा) लिहिलेल्या पोर्टलाच लावा आणि टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआय वायरवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये ते ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिंपलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’ या नावाने सापडेल. ऑप्टिकल वायरने आवाज येतो, पण सीईसी चालत नाही, त्यामुळे ‘आवाज वाढव’ म्हटलं तरी साउंडबार ढिम्म.

सगळ्यात जास्त घोळ चालू-बंदचा. बऱ्याच सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर चालू आणि बंद दोन्हींना एकच बटण, एकच सिग्नल. ब्लास्टरला बॉक्स खरंच चालू आहे की नाही हे दिसत नाही. तो आपला शेवटचा हुकूम धरून बसतो. लाईट जाऊन आली की काही बॉक्स आपोआप सुरू होतात. मग ‘चालू कर’ म्हणाल तर ते बंद होतात. म्हणून टीव्ही सीईसीने चालवा आणि बॉक्स चालूच राहू द्या, हुकूम फक्त चॅनेलचा द्या. टीव्हीला स्मार्ट प्लग लावून काही साधत नाही. वीज आल्यावर बरेच टीव्ही स्टँडबायमध्येच राहतात.

स्पीकर टीव्हीपासून तीनेक फूट दूर ठेवा आणि उन्हाळ्यात कूलरच्या झोतात तर मुळीच नको. वारा थेट माइकवर आला की स्पीकरला हाक ऐकूच येत नाही, वर ओल आणि धूळ. कूलर पलीकडच्या खिडकीत आणि स्पीकर बसायच्या जागेजवळ, एवढ्यानेच निम्मं काम होतं.

भाषेचं म्हणाल तर मोबाईलवरच्या गुगल असिस्टंटला मराठी कळतं. ॲलेक्सा स्पीकरला मात्र हिंदी किंवा इंग्रजीतच सांगावं लागतं. उपकरणांना छोटी, एकमेकांशी न जुळणारी नावं द्या. ‘टीव्ही’ आणि ‘टीव्ही बॉक्स’ ठेवलंत तर रोज गोंधळ. रूटीनमध्ये (एका हाकेवर ओळीने चालणाऱ्या हुकमांच्या यादीत) टीव्ही चालू झाल्यावर 10 सेकंद थांबा घालून मगच इनपुट बदलायचा हुकूम टाका. सुरू होत असलेला टीव्ही मधले सिग्नल गिळतो.

जोडणी झाली की मेन स्विच पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा. टीव्ही, स्टिक आणि स्पीकरला सावरायला दोन-तीन मिनिटं द्या, मग एकेक हुकूम देऊन बघा. जे चालणार नाही, त्याचं अडॅप्टर आणि वायफाय आधी तपासा, ॲप नंतर.