कॉलेजची फुटबॉल टीम आणि वहीतलं ४-३-३ : या चुका टाळा

पावसाळा आला, विद्यापीठाचे विभागीय सामने जवळ आले, की गंगापूर रोडच्या टपरीवर कॅप्टन वहीच्या मागच्या पानावर ४-३-३, म्हणजे मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन, अशी मांडणी काढतो आणि त्यात अकरा नावं कोंबतो. आधी आकडे, मग माणसं. इथूनच घोळ सुरू होतो.

४-३-३ला दोन्ही साइडबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, नव्वद मिनिटं वर-खाली पळणारे लागतात. आमचे विसाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभे. म्हणून मी पहिले तीन दिवस नुसतं पळवतो, चौथ्या दिवशी कोण उरलंय ते बघून वही उघडतो. बहुतेकदा ४-४-२च निघतं. मग तोंडं वाकडी, "सर, ते जुनं झालं." १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, म्हणजे चक्क स्टॉपरला, बचावफळीतल्या मधल्या खेळाडूला, फॉरवर्ड खेळवलं. फायनलला त्याने गोल मारला, दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण आलं. माणूस बघून जागा ठरते ती अशी.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते : चिखलात मागून छोटे पास. २०१९ पासून गोल किक डीबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेर, जायची गरज उरली नाही, तेव्हापासून प्रत्येक स्टॉपर कीपरच्या शेजारी बॉल मागत उभा. एका सप्टेंबरात रात्रभर पाऊस झाला होता, मैदान काळ्या मातीचं. "लांब मारा," असं मी बजावलं होतं. पोरांनी आदल्या रात्री मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघितलेला. सहाव्या मिनिटाला कीपरचा पास स्टॉपरच्या दोन हात अलीकडे चिखलात रुतला. स्टॉपर वळला, स्टड्समध्ये मातीचे गोळे, सपशेल आडवा. समोरचा स्ट्रायकर जवळजवळ चालत आला. ०-१. हाफटाइमला मी काटकीने त्याच्या बुटाची माती काढत बसलो. कीपर हळूच म्हणाला, "सर, व्हिडिओत गवत होतं."

आता टॉसआधी मी दोन्ही डींमध्ये बॉलचे टप्पे टाकून बघतो. टप्पा मेला, तर छोटा पास बंद. मैदानाच्या मधोमध क्रिकेटची पिच असेल तर तिच्यावर पास घ्यायला थांबू नका, तिथे बॉल वेगळाच उसळतो.

एक गोल खाल्ला की लगेच फॉर्मेशन बदलू नका. कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे विंगबॅक नसतील तर ३-५-२चं नावही काढू नका.

हाय लाइन लावायची, म्हणजे बचावफळी बरीच पुढे उभी करायची असेल, तर पुढच्यांनी प्रेस केलंच पाहिजे, बॉलवाल्यावर धावून गेलंच पाहिजे. बॉलवाल्याला मान वर करायला वेळ मिळाला की ऑफसाइड ट्रॅप, म्हणजे पुढे सरकून समोरच्या फॉरवर्डला ऑफसाइड पकडायचा डाव, संपला. आणि थ्रो-इन थेट घेतला तर ऑफसाइड नसतो, हे शंभरदा सांगून झालंय. तरी दर मोसमात आमचा एक जण हात वर करून लाइन्समनकडे बघत राहतो, आणि मागे समोरचा गोल मारून मोकळा होतो.