लिहायला बसताच फेसबुक उघडले जात असेल तर : माझा अनुभव

दिवाळी अंकाची कथा लिहायला बसले की वाचकांच्या प्रतिक्रियांना उत्तरे देण्यातच सकाळ सरे आणि सोलापूरचे ऊन चढेपर्यंत जेमतेम एखादा परिच्छेद हाती लागे. वैताग आला होता. अ‍ॅप काढून टाकले, तर संपादकांचे निरोप चुकले. टायमर लावला, पण तो अ‍ॅप वापरल्याची दिवसाची एकूण मिनिटे मोजतो, लेखनाची वेळ राखत नाही.

लागू पडले ते असे : अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधील ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये ‘फोकस मोड’ उघडून आधी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅप निवडले, मग सकाळी ६ ते ९ असे वेळापत्रक सर्व वारांना लावले. त्या अवधीत ही अ‍ॅप थांबतात, त्यांच्या सूचना येत नाहीत. साधे फोन मात्र येतात. सुचलेली उत्तरे वहीच्या मागच्या पानावर टिपून ९ नंतर एका बैठकीत पाठवते. थांबवलेली अ‍ॅप थोडा वेळ पुन्हा उघडू देणारे ‘टेक अ ब्रेक’चे बटण मोहात पाडतेच, म्हणून फोन माजघरात ठेवते.