टॉवेलचा हत्ती आणि सहाशे रात्रींच्या आजी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला मी घरी असलो की चार दिवसांतच कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी मेहुणा दारात उभा. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालेला, माझ्यासारखं क्रूझच्या जहाजावर नोकरीला जायचं म्हणून पासपोर्टला अर्ज टाकलेला, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काय बे, महिन्याला किती डॉलर सुटतात?" आकडा सांगितला की पोरगं मनातल्या मनात प्लॉट घेऊन मोकळं होतं आणि पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून पुढचं इथे लिहून ठेवतो.

मी पूर्व भागातला, गेंट्याल चौकाच्या मागच्या गल्लीत वाढलेला. अण्णा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, शाळेत निम्मी पोरं कन्नड बोलणारी. जहाजावर पन्नास देशांच्या माणसांत राहायचं म्हणून पुण्या-मुंबईची पोरं बावरतात, तिथे सोलापूरच्या पोराला विशेष काही वाटत नाही. हां, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातला माणूस समुद्रावर नोकरी करतो, याचं गल्लीत अजून हसू होतं. जहाज खाऱ्या पाण्यापासून आपलं गोडं पाणी आपणच बनवतं हे आईला तीनदा सांगून झालं. तिला ती थाप वाटते.

माझी सहा कॉन्ट्रॅक्ट झाली. पहिली तीन केबिनच्या साफसफाईत, पुढची तीन गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर. कंपनी अमेरिकी. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे.

कागदपत्रांचं लवकर उरकतो. एजंटकडे आरपीएसएल लायसन्स (जहाजावर माणसं भरायचा सरकारी परवाना) आहे का, ते डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः बघायचं. त्याने भिंतीवर लावलेल्या फ्रेमवर जायचं नाही. नोकरी लावून देण्याचे पैसे त्याला उमेदवाराकडून घेता येत नाहीत. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याचं ओळखपुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे सुरक्षेचे सक्तीचे कोर्स यांचा खर्च आपण धरून चालायचा, पण "जॉइनिंगचं डिपॉझिट" असे शब्द निघाले की चहा अर्धा टाकून उठायचं. माझ्या ओळखीतल्या एकाने असे साठ हजार भरले. त्या एजंटचा फोन अजून लागत नाही. कोर्स मुंबईत होतात, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी हजर. कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं, मध्ये रविवार नाही. एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. उरलेल्या तासांत काय करायचं ते कंपनी बघते.

आता गिऱ्हाईक. इंटरव्ह्यूत याबद्दल कोणी विचारत नाही, आणि जहाजावर सगळं यावरच चालतं.

केबिन अटेंडंटच्या हातात रोज सकाळी एक यादी पडते. माझ्या यादीत प्रत्येक केबिन नंबरापुढे एक खूण असायची: हा पहिल्यांदा आलाय, हा पाचव्यांदा, हा तिसाव्यांदा. सगळ्या मोठ्या कंपन्या जुन्या प्रवाशांना अशा पायऱ्या देतात. रॉयल कॅरिबियनमध्ये एका रात्रीला एक पॉइंट, स्वीट म्हणजे मोठी महागडी केबिन घेतली तर दोन. ८० पॉइंटला डायमंड, ७०० ला पिनॅकल. सातशे रात्री म्हणजे जवळजवळ दोन वर्षं माणूस पाण्यावर झोपलाय! कार्निव्हलच्या जुन्या पद्धतीत ७५ ला प्लॅटिनम, २०० ला डायमंड. या लोकांचा जहाजावर कसा हक्क असतो ते कळायला पुण्याच्या गाडीतले पासवाले आठवा. तिकीट त्याच्याकडेही आहे, तुमच्याकडेही आहे, पण खिडकी त्याची.

माझ्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अशा एक आजी होत्या. फ्लोरिडाच्या, सत्तरी ओलांडलेल्या, सहाशेच्या वर रात्री झालेल्या. दरवेळी तोच डेक, शक्यतो तीच बाजू. ब्लाउजवर कंपनीची पिन, आपल्याकडे वारकरी माळ घालतो तशी, कायम. त्याच सुमारास आमच्याकडे नियम बदलला होता. आधी केबिन दोनदा व्हायची, सकाळी साफसफाई आणि संध्याकाळी पलंग नीट करून टॉवेलचा एखादा प्राणी. आता एकदाच. हे एकट्या आमच्या कंपनीचं नव्हतं. २०२३ च्या सुरुवातीलाच रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या दोन्ही कंपन्यांनी साध्या केबिनची दोन वेळची सेवा एकावर आणली होती. प्रवाशाला वाटतं कंपनीने एक फेरी वाचवली. ती आमच्या पदरात कशी पडते ते सांगतो: आधी माझ्याकडे अठरा केबिन होत्या, नियमानंतर सव्वीस झाल्या.

पहिल्या संध्याकाळी आजी दारात उभ्या. हातात घडी घातलेला हँड टॉवेल. "हत्ती नाही आला आज?"

मी पोपटासारखं म्हणालो, "सॉरी मॅम, कंपनी पॉलिसी."

त्या काही बोलल्या नाहीत, दार लावून घेतलं. प्रवास संपल्यावर जो फॉर्म भरून घेतात त्यात मात्र सविस्तर लिहिलं होतं, माझ्या नावानिशी. आमचा सुपरवायझर गोव्याचा, वीस वर्षं याच धंद्यात. तो चिडला नाही. एवढंच विचारलं, "दुपारी ती केबिनमध्ये आली तेव्हा तू भेटलास ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ही गोष्ट नवीन पोरांनी ध्यानात ठेवा. जुन्या गिऱ्हाइकाचं काही काढून घेतलं असेल तर ते त्याच्या लक्षात यायच्या आत तुम्ही सांगायचं. पुढच्या खेपेपासून मी पहिल्याच भेटीत विचारायला लागलो, "आता खोली दिवसातून एकदा करतो; सकाळी करू की संध्याकाळी?" नियम तोच, पण निवड त्यांची. निम्मी कटकट तिथेच मिटली.

उरलेली निम्मी मी स्वतः ओढवून घेतली. दोन महिन्यांनी आजी पुन्हा आल्या. मला वाईट वाटत होतं, म्हणून सकाळच्याच फेरीत त्यांच्यासाठी हत्ती करून ठेवला. हत्तीला दोन टॉवेल लागतात. मोठ्या टॉवेलच्या दोन्ही बाजू मध्यापर्यंत घट्ट गुंडाळून मधोमध दुमडायचा, की चार पाय होतात. छोट्याची सोंड वळायची, वरच्या कडा उलट्या काढून कान करायचे आणि ते डोकं पाठीवर टेकवायचं. गुंडाळी सैल राहिली तर पाय फाकतात. सरावाने दोन मिनिटं लागतात. सव्वीस केबिनच्या दिवसात दोन मिनिटं म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळेल.

आजींचं दार उघडं होतं. शेजारच्या केबिनमध्ये पहिल्यांदाच क्रूझला आलेलं एक कुटुंब, सात वर्षांचा मुलगा. त्याने हत्ती पाहिला. आई थेट काउंटरवर: "शेजारी हत्ती मिळतो, आम्हाला नाही. याचे वेगळे पैसे आहेत का?" तिची चूक नव्हती. नव्या माणसाला जहाजावर कशाचे पैसे आहेत आणि कशाचे नाहीत हेच कळत नसतं. मी मुलाला हत्ती दिला. तिसऱ्या दिवशी समोरच्या केबिनची मुलगी. पाचव्या दिवशी मी रोज नऊ हत्ती वळत होतो आणि जेवण उभ्याने.

सुपरवायझरने एका वाक्यात मिटवलं: पहिल्या रात्री सगळ्यांना एकेक, नंतर कोणालाच नाही. आजी जरा खट्टू झाल्या, पण शेजारच्याला मिळतंय आणि मला नाही, असं कोणाचंच राहिलं नाही.

पुढे काउंटरवर बसायला लागलो तेव्हा कळलं की हेड ऑफिसची डोकेदुखी हीच आहे, फक्त हत्ती मोठा. केबिन रिकामी गेली तर ती रात्र पुन्हा विकता येत नाही, म्हणून भाडं कमी करून का होईना, जहाज भरतात. मग दारू, कॅसिनो, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली यांतून पैसा काढतात. नवा माणूस हे सगळं हौसेने घेतो. जुन्याला सगळे कोपरे माहीत. किनाऱ्यावर उतरून तो स्वतःची टॅक्सी करतो आणि डायमंडची फुकट व्हाउचर संपल्याशिवाय खिशात हात घालत नाही. मग कंपनी त्याला डोक्यावर का घेते? कारण त्याला आणायला जाहिरात लागत नाही, तो ऑफ-सीझनला येतो, आणि उतरायच्या आधी जहाजावरच्याच टेबलावर पुढच्या वर्षीचं बुकिंग करून जातो.

पंचाईत अशी की जुने लोक वाढतच जातात. दिलेली पायरी काढता येत नाही. ज्या लाउंजमध्ये पूर्वी तीस माणसं बसायची तिथे तीनशे दावेदार झाले की लाउंजला अर्थ उरत नाही. म्हणून रॉयल कॅरिबियनमध्ये डायमंडवाल्यांना रोज चार पेयांची व्हाउचर कार्डावर मिळतात. ती कुठल्याही बारला वापरा, एका खोलीत गर्दी नको. कार्निव्हलने जून २०२५ मध्ये तर मुळालाच हात घातला: पुढे दर्जा ठरणार तो किती दिवस प्रवास केला यावर नाही, किती खर्च केला यावर. वर्षानुवर्षं स्वस्तातल्या आतल्या केबिनमध्ये दिवस साठवलेली माणसं भडकली. मला विचाराल तर कंपनीचा हिशेब समजतो, पण राग जास्त समजतो. तुम्ही माणसाला वीस वर्षं रात्री मोजायला लावल्या आणि आता म्हणता, बिलं दाखवा.

असा निर्णय मायामीत होतो आणि त्याचं उत्तर काउंटरवर सोलापूरच्या पोराला द्यावं लागतं. तिथे दोन गोष्टी करू नका. "मलाही हे पटत नाही" असं म्हणून त्याच्या बाजूने कंपनीला शिव्या देऊ नका. तो ते वाक्य तुमच्या नावासकट वर कळवतो. आणि "बघतो, काहीतरी करतो" म्हणू नका. आपल्याकडे "बघतो" म्हणजे नाही, हे सगळ्यांना कळतं. त्या लोकांना ते होकार वाटतं आणि ते संध्याकाळी परत येतात. नियम काय, कधीपासून, आणि त्याऐवजी आज काय मिळू शकतं, एवढं सांगा. मी एक छोटी वही खिशात ठेवायचो: कोणाला उशी कडक लागते, कोण कॉफी दुधाशिवाय घेतो. पायरीतलं जे गेलं ते आपल्या हातात नसतं. उशी असते.

नव्यांबद्दल मात्र माझी तक्रार आपल्याच लोकांवर आहे. टिप जुन्यांकडून चांगली मिळते म्हणून बरेच क्रू नव्यांकडे दुर्लक्ष करतात. (मोठ्या अमेरिकी कंपन्या माणशी दिवसाला १६ ते २० डॉलरच्या आसपास सेवाशुल्क बिलातच लावतात, तरी वरची नोट वेगळी.) एक तरुण जोडपं आठवतं. तीन दिवस दोघं वरच्या बुफेतच जेवत होती. खालच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये टेबलावर वाढतात म्हणजे तिथलं बिल वेगळं येणार, असा त्यांचा समज. तेही तिकिटातच आहे असं कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. चौथ्या रात्री ती नटूनथटून खाली जाताना दिसली. पुढच्या वर्षी माझं नाव सांगून त्यांनी बुकिंग केलं. आजींनाही पहिल्या प्रवासात कोणीतरी असंच काहीतरी सांगितलं असणार.

जुना-नवा भेद एकाच ठिकाणी नसतो, तो म्हणजे मस्टर, सेफ्टी ड्रिल. २०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियम कडक झाले. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच ते झालंच पाहिजे. सातशे रात्रीवाला म्हणतो, मला पाठ आहे. असू दे. त्यालाही यायला लावायचं, आणि इथे मात्र बिनधास्त "नियम आहे" म्हणायचं.

एकदम परदेशी कंपनीत जमलं नाही तर मुंबईहून कॉर्डेलिया ही आपल्याकडची क्रूझ कंपनी आहे. त्यांचं एम्प्रेस १९९० मधलं, आधी रॉयल कॅरिबियनचंच जहाज. २०२१ पासून आपल्याकडे चालतं. गोवा, लक्षद्वीप अशा छोट्या फेऱ्या, आणि पहिल्यांदाच क्रूझला आलेल्यांचा भरणा. नव्या प्रवाशाचे प्रश्न शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. जुन्यांचे नखरे पुढे शिकता येतात.

यंदा गड्ड्यात आलेल्या भाच्याला मी घरी हत्ती करून दाखवत होतो. टॉवेल आपला, सोलापुरी, अण्णांच्याच कारखान्यातला. दोनदा केला, दोनदा बसला. लूप जाड, गुंडाळी धरेना. अण्णा कॉटवरून बघत होते. उठले, टॉवेल झटकला, नीट चौघडी घातली आणि म्हणाले, "हा अंग पुसायला विणलाय. उभा कशाला राहील?"

भाचा मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याला म्हटलं, ते बंद कर आणि डीजी शिपिंगची यादी उघड. तुझा एजंट त्यात आहे का बघू.