समुद्रातली सीमारेषा कशी आखावी: रंकाळ्याच्या नकाशावर करून पाहण्याची रीत

कोल्हापुरात बांधावरून वाद झाला की मोजणी मागवतात, खुणेचे दगड रोवतात आणि निदान कागदावर तरी प्रश्न मिटतो. समुद्रात दगड रोवता येत नाही. तिथली सीमा म्हणजे अक्षांश-रेखांशांची एक यादी असते. ती कशी तयार होते हे पाहायला कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचा छापील नकाशा, कंपास आणि टोकदार पेन्सिल एवढे साहित्य पुरते. शालिनी पॅलेसचा काठ एका देशाचा आणि समोरचा चौपाटीचा काठ दुसऱ्याचा, असे धरावे.

प्रथम काठ नक्की करावा. हेच काम सर्वांत किचकट आहे आणि खरे भांडणही इथेच होते. सागरी कायद्याच्या १९८२ च्या संयुक्त राष्ट्र करारानुसार सगळी अंतरे ओहोटीच्या पाणरेषेपासून, म्हणजे आधाररेषेपासून मोजतात. किनारा फार दंतुर असेल किंवा त्याला लागून बेटांची रांग असेल, तर टोकाला टोक जोडणारी सरळ आधाररेषाही चालते. आता संध्यामठाकडे पाहावे. पाणी चढले की बुडणारी आणि उतरले की उघडी पडणारी ही वास्तू काठात धरायची की नाही? करार म्हणतो, की केवळ ओहोटीला उघडा पडणारा उंचवटा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत असेल, तर तो आधाररेषेसाठी धरता येतो. मात्र दोन देशांमधली रेषा आखताना लवाद त्याला जमेत धरेलच असे नाही. बंगालच्या उपसागरातल्या न्यू मूर या उंचवट्याचा, ज्याला बांगलादेश दक्षिण तलपट्टी म्हणतो, आधार भारत-बांगलादेश वादाच्या २०१४ च्या निकालात लवादाने नाकारला.

मग हक्क एकमेकांवर चढतात का, हे तपासावे. सागरी मैल १,८५२ मीटरचा. प्रादेशिक समुद्र, म्हणजे देशाची सत्ता चालते ते पाणी, १२ मैलांपर्यंत; अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासे-तेलासारख्या संपत्तीवर त्या देशाचा हक्क, २०० मैलांपर्यंत. समोरासमोरचे किनारे ४०० मैलांहून दूर असतील, तर या दोन हक्कांपुरती वाटणीच करावी लागत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या कोल्हापूरकरासमोर म्हणूनच असा कोणी शेजारी येत नाही. धनुष्कोडीला मात्र श्रीलंका सुमारे ३० किलोमीटरवर आहे.

आता मध्यरेषा काढावी. कंपासचे टोक पाण्यात ठेवून वर्तुळ असे मोठे करावे, की ते दोन्ही काठांना एकाच वेळी केवळ स्पर्श करेल, कोणताच काठ ओलांडणार नाही. केंद्र थोडे इकडे-तिकडे सरकवावे लागते. जमले की तिथे ठिपका द्यावा. असे दहा-बारा ठिपके जोडले की तात्पुरती समदूर रेषा मिळते. त्यानंतर संध्यामठाला जमीन धरून हीच कृती पुन्हा करावी. त्याच्या आसपासचे ठिपके समोरच्या काठाकडे ढकलले जातात, आणि एवढ्याशा दगडी बांधकामासाठी देश का हट्ट धरतील, हे कागदावरच कळते.

ही रेषा अंतिम नव्हे. करार ‘न्याय्य तोडगा’ मागतो, आणि आत वळलेल्या किनाऱ्याच्या देशाला दोन बाजूंचे शेजारी समदूर रेषांनी चिमटीत पकडतात. हीच तक्रार उत्तर समुद्राच्या प्रकरणात (निकाल १९६९) पश्चिम जर्मनीने आणि पुढे बांगलादेशाने केली. २०१४ मध्ये लवादाने रेषा सरकवली: वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाकडे गेले. भारताने तो निकाल स्वीकारला, हे मला त्या प्रकरणातले सर्वांत उल्लेखनीय वाटते.

शेवटी ताळा करावा. दोन्ही किनाऱ्यांच्या लांबीचे गुणोत्तर आणि वाट्याला आलेल्या पाण्याचे गुणोत्तर यांत ढळढळीत विसंगती नसावी. काळ्या समुद्रावरील २००९ च्या निकालात रोमानिया आणि युक्रेनच्या किनाऱ्यांचे प्रमाण १:२.८ आणि क्षेत्राचे १:२.१ होते, आंतरराष्ट्रीय न्यायालयाला ते चालले. अचूक बरोबरी अपेक्षित नसते.

शेजारी समोरासमोर नसून एकाच किनाऱ्यावर लागून असतील, तर या साऱ्याआधी जमिनीवरची सीमा पाण्याला नेमकी कुठे मिळते ते ठरलेले असावे लागते. कच्छच्या सर क्रीकमध्ये भारत खाडीच्या मुख्य प्रवाहाची मधली रेषा धरतो, पाकिस्तान पूर्वेचा काठ. त्यामुळे तिथे पेन्सिल कुठे टेकवायची यावरच अजून एकमत नाही.