जर्मनीतली रानलसूण: ओळखायची कशी, आणायची कशी, खायची कशी

मार्च लागला की जर्मनीत बीच नावाच्या झाडांच्या जंगलात आणि नदीकाठच्या ओलसर सावलीत जमीन हिरवीगार होते, लाइपझिग शहरातल्या आउवाल्डमध्ये, म्हणजे नदीकाठच्या जंगलात तर शिरल्या शिरल्या लसणाचा वास येतो. हीच बेअरलाउख, आपण मराठी लोक सरळ रानलसूण म्हणतो. खायची ती पानं. इथे नवीन आला असाल तर जरूर आणा पण आधी ओळखायला शिका, कारण ह्यात गफलत झाली तर जिवावर बेतू शकतं.

होतं काय, की माइग्लोक्शेन (इंग्रजीत लिली ऑफ द व्हॅली) आणि हर्बस्टत्साइटलोझ (ऑटम क्रोकस) ही दोन विषारी रोपं साधारण तशाच पानांची असतात, कधी कधी अगदी तिच्यातच मिसळून उगवतात. बरेच जण सांगतात पान चुरगळून वास घ्या. पहिल्या पानाला ठीक आहे हो, पण नंतर बोटांनाच वास लागतो, मग कुठलंही पान नाकाशी धरा, लसूणच वाटणार! म्हणून डोळ्यांनी बघा. रानलसणीचं प्रत्येक पान आपापल्या वेगळ्या देठावर जमिनीतून वर येतं आणि उलटं केलं की मागची बाजू मॅट, जरासुद्धा चकाकी नाही. माइग्लोक्शेनची दोन पानं एकाच दांड्यावर एकमेकांना बिलगलेली असतात आणि मागून चकचकीत. हर्बस्टत्साइटलोझला देठच नसतो, जाडसर पानं एकाच जागेतून निघतात, तिच्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि त्यावर उतारा नाही. त्यामुळे मूठ भरून ओरबाडू नका, एकेक पान बघून तोडा आणि शंका आली तर टाकून द्या. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, 112 ला फोन लावा आणि उरलेली पानं डॉक्टरांना दाखवा.

कायद्याने स्वतःपुरती मूठभर पानं चालतात, संरक्षित भागात मात्र अजिबात नाही, म्हणून वाटेवरचे बोर्ड वाचा. कंद उपटायचा नाही, एका रोपाचं एखादंच पान घ्या, पुढच्या वर्षी परत यायला हवी ना.

घरी आणली की भरपूर पाण्यात धुवा. फुलं यायच्या आधीची कोवळी पानं सगळ्यात चवदार, फुलंही खाता येतात. मला विचाराल तर पेस्टो ह्या इटालियन चटणीपेक्षा आपली चटणीच भारी, भाजलेले शेंगदाणे, हिरवी मिरची, मीठ, लिंबू आणि कच्चीच पानं जाडसर वाटायची, भाकरीबरोबर काय लागते! थालीपिठाच्या पिठात मेथीसारखी चिरून घाला, पिठल्यात घालायची तर गॅस बंद केल्यावर, फार शिजवली की वास उडून जातो. वाळवायच्या भानगडीत पडू नका, काही उरत नाही. जास्त असेल तर थोड्या तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तशी एकेक वडी काढा.