जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट एक्सएफसीई कसं टाकायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जणांच्या घरी आता एकच प्रॉब्लेम आहे, लॅपटॉप तसा धड चालतोय पण विंडोज ११ घेत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे, मग दुकानदार सांगतो नवीन घ्या. घेऊ नका हो एवढ्यात. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय३ किंवा आय५, ४ जीबी रॅम असलेलं मशीन ब्राउझिंग, यूट्यूब, ऑफिसची कागदपत्रं, पोरांचे ऑनलाईन क्लास याला आजही भरपूर आहे, फक्त विंडोजच्या जागी लिनक्ससारखी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला हवी.

हलकी म्हणजे कुठली हे रॅमवर ठरवा. ४ जीबी असेल तर डोळे झाकून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती (एक्सएफसीई म्हणजे हलका डेस्कटॉप), पुढचं सगळं त्याच्याबद्दलच सांगतोय. मिंट २२ ही उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत. २ जीबीवर पण मिंट चालते, मिंटवालेच किमान २ जीबी सांगतात, पण ब्राउझर उघडला की दम लागतो, तिथे लुबुंटू किंवा अँटीएक्स या आणखी हलक्या लिनक्स बघा. लुबुंटू चांगलीच आहे पण त्यात फायरफॉक्स स्नॅप पॅकेज म्हणून (लागणारं सगळं एकत्र गुंडाळून) येतो आणि जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडायला वेळ खातो, मिंटमध्ये ती भानगड नाही. आणि अगदीच जुनं ३२ बिट नेटबुक असेल तर अँटीएक्स टाकता येईल, पण फायरफॉक्सनेसुद्धा २०२५ मध्ये ३२ बिट लिनक्स सोडलं, त्यामुळे त्या मशीनवर इंटरनेटसाठी फार जीव टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. आहे त्या हार्ड डिस्कवर फॉरमॅट मारू नका. २४० किंवा २५६ जीबीची साधी २.५ इंची साटा एसएसडी (फिरणारा भाग नसलेली डिस्क) आणा, लॅपटॉपच्या खालचे स्क्रू काढून जुनी डिस्क बाहेर काढा, एसएसडी आत बसवा आणि लिनक्स तिच्यावर टाका. यात दोन कामं एकदम होतात. एक तर जुनी मशीन स्लो असायचं मोठं कारण ती फिरणारी डिस्कच असते, ती बदलली की अर्धा त्रास तिथेच संपतो. दुसरं म्हणजे तुमचं विंडोज, लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, सगळं जसंच्या तसं त्या जुन्या डिस्कवर सुरक्षित राहतं, नाहीच जमलं तर ती परत बसवली की झालं पहिल्यासारखं.

सुरू करायच्या आधी तुमचं रोजचं काम कशावर आहे तेही बघून घ्या. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. जे डीटीपीवाले श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतात त्यांनी या मशीनवर विंडोजच ठेवावं, कारण युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडल्या की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. प्रिंटरचं म्हणाल तर एचपीचे बहुतेक प्रिंटर लावले की ओळखले जातात, कॅननचा एलबीपी २९०० जो आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो त्याला कॅप्ट ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो आणि ते काम किचकट आहे.

बाकी सामान म्हणजे ८ जीबीचा पेनड्राईव्ह (त्यातलं सगळं उडणार, आधी कॉपी करून घ्या) आणि लिनक्स मिंटच्या साईटवरून एक्सएफसीईची आयएसओ फाईल (अख्खी सिस्टीम या एका फाईलमध्ये असते), जवळजवळ ३ जीबी आहे, वायफायवर लावून द्या. जुनी डिस्क काढायच्या आधीच विंडोजवर रुफस (आयएसओवरून बूट होणारा पेनड्राईव्ह बनवणारा छोटा प्रोग्राम) उघडा, पेनड्राईव्ह निवडा, सिलेक्ट दाबून आयएसओ द्या. तिथेच बरोबरच्या खुणेचं छोटं बटण आहे, ते दाबलं की फाईलचा एसएचए२५६ आकडा, म्हणजे फाईल अस्सल आणि पूर्ण आहे का ते सांगणारा कोड, काढून देतं, मिंटच्या साईटवरच्या आकड्याशी जुळवून बघा, डाउनलोड अर्धवट झालं असेल तर इथेच कळतं, नाहीतर इन्स्टॉल मधेच अडकतं आणि माणूस मशीनला शिव्या घालत बसतो. मग स्टार्ट. रुफस विचारेल आयएसओ मोड की डीडी मोड, पहिलाच ठेवा, त्याने बूट नाही झालं तर परत करून डीडी घ्या.

एसएसडी बसवून झाली की पेनड्राईव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि लगेच बूट मेन्यूची की दाबत राहा, डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला पण एफ१२ पण तो आधी एफ२ ने बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. बायोसमध्ये गेलातच तर सिक्युअर बूट (ओळखीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) बंद करून टाका, मिंट त्याच्यासकट पण चालते पण पुढे ड्रायव्हर घालताना एक जादा पासवर्ड मागत बसते.

मेन्यूतून स्टार्ट लिनक्स मिंट घेतलं की थोड्या वेळात अख्खा डेस्कटॉप समोर येतो आणि अजून डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं, सगळं पेनड्राईव्हवरून चालतंय. इथे घाई करू नका. वायफाय लागतं का, यूट्यूबवर आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसच्या की, झाकण लावून उघडल्यावर जागा होतो का, सगळं बघा. जुन्या ब्रॉडकॉमच्या वायफाय चिप कधीकधी दिसतच नाहीत, तेव्हा घाबरायचं नाही, फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला लगेच नेट मिळतं आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून त्या चिपचा ड्रायव्हर घेता येतो.

सगळं पटलं तर डेस्कटॉपवरचं इन्स्टॉल लिनक्स मिंट उघडा. भाषा इंग्रजीच ठेवा असं माझं मत, कारण अडचण आली की जी उत्तरं सापडतात ती इंग्रजी मेन्यूच्या नावांनी असतात. कीबोर्ड इंग्लिश यूएस. मल्टिमीडिया कोडेकवर टिक करा, गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात. मग इरेज डिस्कचं पान येतं, नाव वाचून दचकायला होतं पण नवी एसएसडी आत आहे त्यामुळे पुसण्यासारखं काही नाहीच. तरी इन्स्टॉल नाऊ दाबल्यावर जी खात्रीची चौकट येते ती नीट वाचा, त्यात एसडीए, एसडीबी अशी नावं असतात, नावावर जाऊ नका, साईज बघा. २४० जीबी म्हणजे तुमची एसएसडी, ८ जीबी दिसलं तर तो पेनड्राईव्ह आहे, मागे जा. टाइमझोन कोलकाता, नाव, पासवर्ड, आणि मग चहा घेऊन या. झाल्यावर रिस्टार्ट, पेनड्राईव्ह काढा म्हणेल, काढा आणि एंटर.

पहिल्यांदा चालू झालं की वेलकमच्या खिडकीतूनच अपडेट मॅनेजर चालवा, त्यात मिरर (अपडेट जिथून उतरतात तो सर्व्हर) भारतातला निवडला तर अपडेट पटापट उतरतात. टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टीमचा एक स्नॅपशॉट, म्हणजे आत्ताच्या स्थितीची प्रत, घ्या, उद्या एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं, पण लक्षात असू द्या त्यात सिस्टीमच्या फायली असतात, तुमचे फोटो नाहीत. ग्राफिक्स फारच कमजोर असेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर बंद करा, सावल्याबिवल्या जातात पण हालचाल मोकळी होते. आणि खरं सांगायचं तर सिस्टीम कितीही हलकी असू दे, ४ जीबीवर वीस टॅब उघडलेत तर ती अडणारच, रॅम ब्राउझर खातो, लिनक्स नाही. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन घाला, जाहिराती गेल्या की पानं बरीच हलकी होतात. रॅमचा स्लॉट मोकळा असेल तर आणखी ४ जीबी घाला, जुन्या डीडीआर३ च्या कांड्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी वापरलेल्या पण मिळतात.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटमध्ये जाऊन इंडियनच्या खाली मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट जोडा, इन्स्क्रिप्ट येणाऱ्यांना एवढं बास. फोनेटिकची सवय असेल तर आयबस (भाषा टायपिंगचा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, त्यात मराठी फोनेटिक मिळतं.

राहिली ती जुनी डिस्क. तिच्यासाठी यूएसबी केसिंग घ्या, आत घालून लावली की फाईल मॅनेजरमध्ये विंडोजचे ड्राईव्ह दिसतात, लागेल ते कॉपी करा. विंडोज नीट बंद झालेलं नसेल तर ते ड्राईव्ह नुसते वाचता येतात, लिहिता येत नाहीत, कॉपीला तेवढं पुरतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की लागते, ती डिस्क काढायच्या आधीच विंडोजमधून काढून कागदावर लिहून ठेवा. महिना-दोन महिने रोजचं सगळं काम लिनक्सवर निघतंय अशी खात्री झाली की मगच त्या डिस्कवर फॉरमॅट मारा आणि बॅकअपला वापरा.